जादाचा सिलिंडर

"एकतर हा जादाचा सिलिंडर, नाहीतर ही आई. दोघांचं वजन हेलिकॉप्टर घेणार नाही," पायलटनं शाळेच्या मैदानावर सांगितलं आणि सगळे नर्सकडे, वैजयंतीकडे बघू लागले.

स्ट्रेचरवर मण्यार चावलेली आठ वर्षांची पोर होती. नागपूर तासाभरावर. वाटेत ऑक्सिजन संपला तर आभाळात कुठून आणायचा? ही धास्ती वैजयंतीच्या हाडीमासी खिळलेली. "सिलिंडर घेऊ," ती नजर चुकवत म्हणाली.

आईनं वाद घातला नाही. लेकीच्या मुठीतून आपला पदर सोडवला आणि ती हेलिकॉप्टरमधून खाली उतरली. "थेच घ्या बाई. माह्या पोरीले हवा कमी नको पडाले. मी येतो यष्टीनं."

उडून वीसच मिनिटं झाली असतील. पोरीचा हात पदर चाचपडत शेजारी गेला, गार लोखंडाला लागला आणि तिथंच थांबला. मग नागपूर येईपर्यंत वैजयंती तिची छाती दाबत राहिली, पण हृदय काही पुन्हा चालू झालं नाही. पहिला सिलिंडर अर्धाही संपला नव्हता.

हेलिकॉप्टर उतरल्यावर तिनंच आईला फोन लावला, मुलगी गेल्याचं सांगितलं. पलीकडून एसटीची घरघर येत होती. मग बाईनं एवढंच विचारलं, "हवा तं कमी नाही ना पडली?"

वैजयंतीनं आईच्या जागेवरच्या सिलिंडरकडे पाहिलं. त्याचं सील शाबूत होतं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "कमी नाही पडली."