दुसऱ्याचा हात

कोमट पाणी. गरम नाही. गरमानं पेनातल्या दट्ट्याचं रबर आखडतं.

काल रात्रीपासून पोटात काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही.

अंगठी, घड्याळ, मोबाईल: पिशवीत बांधून कपाटात, कुलूप लावून.

तिची लिहायची पाटी घरी. फ्रिजवर.

जीभ: अर्धी काढायची. डावीकडची.

गुंडी उलटी फिरवली की शाई बाहेर, सुलटी फिरवली की आत. घाई केली की नुसती हवा.

ऑपरेशन नऊ वाजता.

आठ वाजून दहा मिनिटांनी सिस्टर कागद घेऊन आली. नवऱ्यानं पेनातली सगळी शाई परत बाटलीत सोडली होती आणि तो पेल्यातलं पाणी पेनात ओढून घेत होता. आज एक तारीख. एक तारखेला पेन धुवायचं, मग घर असो की दवाखाना. बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. गळ्यात नळी. आवाज मागच्या ऑपरेशनमध्ये गेला होता.

“काकू, इथं सही. ऑपरेशनला तुमची हरकत नाही म्हणून.”

बायकोनं कागद शेवटपर्यंत वाचला. मग दोन बोटांनी तो परत सिस्टरकडे सरकवला आणि मान हलवली.

“नाही म्हणताय का?”

“मान अशीच हलते तिची,” नवरा पेनावरची नजर न काढता म्हणाला. “नळीमुळे.”

बायकोनं उजवा हात वर करून हवेत लिहून दाखवलं.

“हां, लिहूनच द्या. नको असेल तर नको लिहा, मी डॉक्टरांना दाखवते. जबरदस्ती नाही कुणाची.” सिस्टरनं खिसा चाचपला. “माझं पेन डॉक्टरांनी नेलं वाटतं. त्यांनी नेलं म्हणजे गेलंच. काका, तुमचं द्या ना.”

“देतो, देतो. पाणी तर निघू दे.”

“तोवर मी पलीकडचं सलाईन बघून येते. आणि फारच हात थरथरत असेल काकूंचा, तर तुमची सही चालेल.”

सिस्टर गेली. बायकोचा हात पुढे पसरलेला होता. पेल्यात पडलेलं पाणी आधी निळं होतं, मग फिकट, तिसऱ्यांदा स्वच्छ. नवऱ्यानं चौथ्यांदा गुंडी फिरवली.

शेजारच्या खाटेवर पोटाला टाके घातलेली म्हातारी होती. ती केव्हाची बघत होती.

“अहो पेनवाले, द्या की तिला. खाणार आहे का ती?”

“तसं नसतं, आजी. निब माझ्या हाताला वळलीय. दुसऱ्याचा हात लागला की बिघडते.”

“दुसऱ्याचा? बायको ना ती तुमची?”

“लिहिण्यात बायकोसुद्धा दुसरीच.”

“माझ्याकडे असतं तर मी दिलं असतं बाई. पण मला मेलीला लिहायला कुठं येतंय, पेन बाळगायला!” म्हातारी हसली. टाके दुखले तसा तिनं पोटावर हात दाबला.

नवऱ्यानं मऊ फडक्यानं निब टिपली, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. खाटेवरच्या फळीवर शाईची बाटली ठेवून तीत निब बुडवली. गुंडी सुलटी फिरवली, सावकाश. पेनाच्या पोटाला बारीक पारदर्शक पट्टी होती. शाई कुठवर चढली ते बघायला तो पेन घेऊन खिडकीशी गेला. हवेचा एकही बुडबुडा नव्हता. त्याला बरं वाटलं. त्यानं टोपण लावलं.

बायकोनं बाटलीत बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत.

मांडीवरच्या पांढऱ्या चादरीवर तिनं ‘न’ काढला. बोट पुन्हा बाटलीत घातलं. ‘क’ काढला, त्याला काना दिला, वर मात्रा दिली. रेघा सरळ होत्या. बोट जराही थरथरलं नाही.

नवरा वळला. त्यानं वाचलं. दोनच अक्षरं होती, वाचायला वेळ लागावा असं काही नव्हतं.

“अगं अगं अगं! शाई!”

हातातलं ओलं फडकं त्यानं चादरीवर दाबलं आणि गोल गोल फिरवलं. बायकोनं त्याचं मनगट धरलं. पेन पडू नये म्हणून त्यानं ते आधी खिशाला लावलं. मग तिचं एकेक बोट सोडवलं.

सिस्टर आली.

“अरे देवा, काकू! आत्ता बदलली होती हो चादर.”

“तुम्हीच म्हणालात ना?” नवरा म्हणाला. “हात बघा, किती थरथरतोय.”

सिस्टरनं हात बघितला. आता थरथरत होता.

“काहीतरी काढलं होतं तिनं तिथं,” म्हातारी म्हणाली. “काय ते मला नाही वाचता आलं.”

“हो आजी. तुम्ही पडा.”

नवऱ्यानं कागद फळीवर सरळ केला. टोपण काढून पेनाच्या मागे लावलं आणि सही केली. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. शाईवर फुंकर घातली नाही. फुंकरीनं शाई पसरते. ती आपोआप वाळेपर्यंत तो थांबला. सिस्टरही थांबली.

“काय सही आहे हो काका! छापल्यासारखी.”

“निब,” नवरा म्हणाला.

बायको बोटाकडे बघत होती. नखाच्या कडेनं शाई सुकत आली होती.

पेन विकताना दुकानदारानं नवऱ्याला सांगितलं होतं, की निब हाताला वळायला सहा-सात वर्षं लागतात. दुसऱ्या हाताच्या एका शब्दानं निबेला काही होत नाही.