शुक्रवारचा शेवटचा तास

"तर हा गोष्टीचा तास आपण पुढच्या आठवड्यापासून बंद करतो आहोत," कंपनीचे साहेब म्हणाले. कोटाला खडू लागू नये म्हणून ते फळ्यापासून चांगले हातभर लांब उभे होते.

मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. हे कधीतरी होणार हे त्यांना ठाऊक होतं. या फोन कंपनीने कॉलेजला नवी इमारत दिली, संगणक दिले, चाकांच्या खुर्च्या दिल्या आणि त्यांच्या जोडीला पदवीचा अभ्यासक्रमही दिला. धर्माची गाय म्हणून प्राचार्यांनी दात न बघताच ती दावणीला बांधली. मग कविता गेली, नाटक गेलं आणि जन्मभर साहित्य शिकवलेल्या मॅडमच्या गळ्यात 'जाणारा ग्राहक कसा थांबवावा' हा विषय पडला. विषय त्यांना मुळीच आवडला नाही. पण शिकवायचं तर चोख, ही त्यांची खोड. रोज संध्याकाळी नवऱ्याला ग्राहक करून त्या धड्याची तालीम घ्यायच्या. तो बिचारा कितीदा तरी फोन बंद करायला निघाला आणि कितीदा तरी थांबला.

उरला होता तो शुक्रवारचा शेवटचा तास. त्यात मॅडम गोष्ट सांगायच्या आणि मुलं ऐकायची. परीक्षा नाही, गुण नाहीत. त्या एका तासाच्या जोरावर मॅडम बाकीचा आठवडा रेटत होत्या. तोही गेला तर नोकरी सोडायची असं त्यांनी ठरवलं होतं, आणि आज सकाळी घरी तसं सांगूनही टाकलं होतं. बसमधली गर्दी, दुखणारे गुडघे, प्राचार्यांचा स्वभाव, एकेक कारण त्यांनी नवऱ्यापुढे मांडलं. चहा गार झाला. नवरा इस्त्री करता करता नुसता हं हं म्हणत होता. बसचा पास संपलाय, तो आता काढू नका, असं बजावून त्या निघाल्या होत्या.

साहेबांचं अजून चालूच होतं. गोष्टींनी पोट भरत नाही. वरून आदेश आहे. बाजारात टिकायचं तर वेळ वाया घालवून चालत नाही. त्यांना स्वतःला लहानपणी गोष्टींचं फार वेड होतं, पण आता काय करणार? मॅडमनी टेबलावरची पर्स उचलली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वकीलबाई उठली. या पोरीचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी कानावर पडायचं, एरवी तिच्या तोंडाला लागायला सगळे घाबरत.

"सर, आपण आम्हाला सोडून जाताय, याचं आम्हाला वाईट वाटतं," ती अगदी फोनवरच्या मधाळ आवाजात म्हणाली. "जाण्याआधी आमची सेवा एकदा वापरून बघाल का? आजचा तास मोफत. नाही आवडला तर लगेच बंद."

वर्गात खसखस पिकली. आपल्याच कंपनीचा धडा आपल्यालाच ऐकवला जातोय हे साहेबांच्या ध्यानात आलं. पण त्या धड्यात ग्राहकाला सुटायला फटच ठेवलेली नव्हती. ते हसले आणि पहिल्या बाकावर बसले.

मॅडमनी पर्स खाली ठेवली आणि गोष्ट सुरू केली. एक नावाडी होता. एका संध्याकाळी त्याच्या नावेत एक अनोळखी बाई चढली, मांडीवर कुलूप लावलेली पेटी घेऊन. नदीच्या मध्यावर पोचल्यावर पेटीतून कुणीतरी नावाड्याला नावाने हाक मारली. साहेब पुढे सरकले. बाईने किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण उचललं आणि तास संपल्याची घंटा झाली.

"पेटीत काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"ते पुढच्या शुक्रवारी, सर," वकीलबाई म्हणाली.

साहेब कपाळ चोळत उठले. वर्षअखेरपर्यंत तास राहू दे, वरच्यांशी मी बोलतो, असं म्हणाले. पुढच्या शुक्रवारी पाहणीसाठी स्वतः येणार असल्याचंही त्यांनी प्राचार्यांना कळवलं.

जिन्यात मॅडमनी पोरीला गाठलं. त्यांचा जीव नुसता भांड्यात पडला नव्हता, त्याला चांगल्या उकळ्या फुटत होत्या. एवढी हिंमत कुठून आली, असं त्यांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलंय, मॅडम. ज्याला खरंच जायचं असतं तो फोन आपटतो आणि जातो. जो कारणं सांगत बसतो, त्याला कुणीतरी थांबवावं असं वाटत असतं. सर केव्हाचे कारणं सांगत होते."

मॅडम घरी पोचल्या त्या जवळजवळ धावतच. चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगितलं, की तास वाचला, आता नोकरी सोडायची नाही आणि उद्या सकाळी आधी बसचा पास काढायला हवा.

नवऱ्याने शर्टाच्या खिशातून नवा पास काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"हा कधी काढलात?"

"सकाळीच. तू निघालीस तसा."

"पण मी तर नोकरी सोडते म्हणाले होते."

"हो," नवरा म्हणाला, "चहा गार होईपर्यंत कारणं सांगत होतीस."