ऐंशी ते सव्वाशे

"औषध तेच आहे काकू, फक्त कंपनी वेगळी," औषधाच्या दुकानातले भिंगार्डे म्हणाले. "मूळ गोळीच्या ऐंशी ते सव्वाशे टक्क्यांत परिणाम बसला, की मान्यता मिळते."

कुमुदताईंना धास्ती होती ती ऐंशीची. गोळी घेतली, की वारलेले वामनराव तासभर घरी यायचे, अगदी हयातीत होते तसे. या स्वस्त गोळीने ते पुसट, अर्धेमुर्धे आले तर? घरी येऊन त्यांनी भीतभीतच गोळी गिळली.

वामनराव आले. तीच बंडी, चष्म्याच्या दांडीला तोच दोरा. कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सवयीने चहा पुढे ठेवला. आजवर वामनराव त्याचा नुसता वास घ्यायचे आणि कप तसाच निवून जायचा. आज त्यांनी तो उचलून घोट घेतला.

"हा चहा आहे की गरम पाणी?"

"अहो, दुसरा करते."

"दर वेळी तेच!" त्यांनी कप भिंतीवर फेकला. तो खरोखरच फुटला.

मग त्यांनी हात उगारला. तो हात कुमुदताईंच्या ओळखीचा होता. संसारात शेकडो वेळा उगारला गेला होता आणि दर वेळी हवेतच थांबला होता. म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात त्यांना सव्वाशेचा आकडा आठवला. गोळी उतरायला अजून पाऊण तास होता.