चार बोटे

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, कोल्हापुरात शिवाजी पेठेतील इकबाल मिस्त्रीच्या गॅरेजसमोर बाळासोंची पांढरी मोटार उभी होती. ती आता चार बोटे खाली बसली होती. तिच्या उघड्या दाराशी चाकांची खुर्ची लावलेली होती आणि खुर्चीत बाळासोंची सून तेजस्वी बसली होती.

उद्या गारगोटीची शाळा उघडणार होती. कमरेखालचे शरीर निकामी झाल्यापासून रजेवर असलेली तेजस्वी उद्या हजर झाली नाही, तर तिच्या वर्गावर दुसऱ्या बाई येणार होत्या. घरात तिला नवरा, पृथ्वीराज, उचलून ठेवी. परंतु तो पहाटेच कारखान्यावर जाई. शाळेत नेणार-आणणार होते ते सासरे. सासऱ्याने सुनेला कवेत उचलून गाडीत ठेवावे, ही गोष्ट त्या घरात कोणी नाकारली नव्हती, कारण कोणी ती उच्चारलीच नव्हती. खुर्चीची गादी उंच करून पाहिली, तर तिचा तोल राहिना. मग गाडीच खाली आणायची आणि तिने फळीवरून आपली आपण सीटवर सरकायचे, असे ठरले.

अडचण दुसरीच होती. तिच्या पायांना स्पर्श कळत नव्हता, पण दणका बसला की ते आपोआप ताठ होत आणि तिला बसल्या जागेवरून ढकलून देत. इकबालने प्रथम आखूड स्प्रिंगा घातल्या, तेव्हा गाडी खाली आली खरी, पण रस्त्यावरचा खडा न् खडा आत कळू लागला. आता त्याने उद्यमनगरातून मऊ स्प्रिंगा वळवून आणल्या होत्या. काल बाळासोंना घेऊन त्याने सपाट रस्त्याने रंकाळ्याला फेरीही मारली होती. "पाळण्यागत चालतीया," असे बाळासोंनी सांगून टाकले होते.

स्कूटरवरून जाणारा एक ओळखीचा थबकला.

"काय आबा, ह्या वयात रेस लावताय व्हय? गाडी पार भुईला टेकवलीसा की!"

"सुनंला शाळंत सोडाय निघालोय," बाळासो म्हणाले. "लई हौस असली तर ये मागनं पळत."

तो हसत निघून गेला. तेजस्वीने फळी खुर्चीवरून सीटवर टाकली. बाळासोंनी पाठ फिरवली आणि ते तालमीच्या भिंतीकडे पाहत राहिले. इकबालही पान्हे पुसू लागला. मागे फळी करकरली, थांबली, पुन्हा करकरली.

"मामा, बसले की!"

बाळासो वळले. ती सीटवर होती. एकेक पाय हातांनी उचलून तिने आत घेतला आणि पट्टा लावला. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. बाळासोंनी खुर्ची मिटून मागे ठेवली.

"बोललो नव्हतो?" मागच्या सीटवर बसता बसता इकबाल म्हणाला. "आता उद्या पोरास्नी पेढं वाटा, बाई."

बाळासोंनी गाडी काढली. पेठेतला डांबरी रस्ता ती अलगद कापत गेली. तेजस्वीने काच खाली केली. तालमीच्या पलीकडे गतिरोधक होता. बाळासोंनी वेग इतका कमी केला की मागच्याने हॉर्न वाजवला. पुढची चाके वर चढली आणि उतरली. मऊ स्प्रिंग दबत दबत तळाला गेली. तिला आणखी दबायला जागाच नव्हती. गाडीच्या पोटातून एकच धाडकन आवाज आला.

तेजस्वीचे पाय काठीसारखे ताठ झाले. ती सीटवरून खाली घसरली आणि पट्टा तिच्या गळ्यापाशी आला.

बाळासो गाडी थांबवून धावत फिरून आले. त्यांनी दार उघडले. त्यांचे दोन्ही हात पुढे झाले आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबले. ते मागेही जाईनात. इकबाल रस्त्यात उभा राहून खाली पाहू लागला.

"कुनाला बोलवू?" बाळासोंनी विचारले. "इकबालच्या घरातल्या कुलसुमला बोलवू का? गॅरेजमागंच घर हाय त्येंचं."

"कुणी नको. पाय आपसूक सुटतील," ती म्हणाली.

पाय सुटेपर्यंत दोघेही तसेच उभे राहिले. मग दारावरच्या मुठीला धरून तिने स्वतःला ओढून सीटवर घेतले. पट्ट्याचा लाल वळ गळ्यावर उमटला होता.

"स्प्रिंग जरा कडक करतो," इकबाल म्हणाला.

"मग खडं लागणार. पयल्यांदा लागलं तसं," तेजस्वी म्हणाली.

"मग वर घेतो. हुती तेवढी. दणका बसनार न्हाय, माझी जबान."

"आणि चढू कशी?"

इकबालने बाळासोंकडे पाहिले.

"गारगोटीपातूर असलं ब्रेकर किती हाईत, आबा?"

"गाव आलं की हाय," बाळासो म्हणाले. मग ते तेजस्वीकडे वळले. "तेजस्वी, मी म्हन्तो... मी..."

ती वाट पाहत राहिली. बाळासोंनी आपले हात धोतराला पुसले. हात मळलेले नव्हते. मागे थांबलेल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते.

तेजस्वीने काच वर केली, निम्म्यावर थांबवली आणि शांतपणे म्हणाली,

"गाडीत बसता येतंय, मामा. गाडीतनं जाता येत न्हाय."