खापरपणजोबांचा ठावठिकाणा

नणंदेने टेबलावर लिफाफा ठेवला. "हा शेवटचा कागद. पाळकांच्या दफनाचा दाखला. उघड की वहिनी."

वहिनीने हात मांडीवरच ठेवले.

पाळक म्हणजे तिच्या नवऱ्याचे खापरपणजोबा, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे बाप्तिस्त पंथाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक. आठवडाभर जोडे शिवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. निवृत्त झाल्यावर नवऱ्याला त्यांच्या शोधाचं वेड लागलं आणि त्याने हिलाही त्यात ओढलं. ही दुसऱ्या ख्रिस्ती पंथातून आलेली, तिथे तान्ह्या बाळांनाच बाप्तिस्मा देतात. पहिल्याच दिवशी पाळकांच्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधायला बसली, तेव्हा तो पोट धरून हसला होता. "अगं, आमच्यात तान्ह्या बाळाला कोण बुडवतंय? मोठं व्हायचं, मग आपल्या पायांनी पाण्यात उतरायचं!" तो गेला तेव्हा पाळकांचं अर्धंअधिक आयुष्य कोरंच होतं. कागद नातेवाइकांकडे विखुरलेत, तेवढे गोळा कर, एवढंच तो शेवटी म्हणाला.

ही जन्माची भिडस्त. कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नकार्याला जायची तीसुद्धा नवऱ्याच्या पाठीमागून. पण पाळकांसाठी तिने दारं ठोठावली. आत्येसासूबाईंनी कुटुंबाचं बायबल काढलं, पण आधी तिच्याकडून सुया ओवून घेतल्या. मोठ्या जावेने पाळकांची पत्रं दिली आणि सोबत सुनेची गाऱ्हाणीही. बेकरीवाले चुलतदीर उपदेशाची पानं एकेक करून द्यायचे. "सगळी एकदम दिली तर पुन्हा कशाला येशील?" असं म्हणून वर गरम पाव हातात ठेवायचे. ती संकोचत जायची आणि जेवूनच परतायची.

घरी आली की रिकाम्या खुर्चीला सगळं सांगायची. आज तुमचे पाळक कडाक्याच्या थंडीत नदीत उतरले बरं का. आज त्यांना मुलगी झाली. नवऱ्याशी बोलायला तेवढंच उरलं होतं. आता पाळक गेले की बोलणंही गेलं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "त्यांना पुरलं की सगळंच संपलं."

"कधीतरी संपणारच ना?" नणंदेनेच दाखला काढून तिच्यापुढे धरला.

पाळक म्हातारे होऊन लेकीच्या घरी वारले होते. तारीख होती, वय होतं. आणि खाली कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीकशी खूण होती, शेपूट वर वळवलेली. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तपासून हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक पानावर तो हीच खूण करायचा.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "हे... हे त्यांनी पाहिलं होतं?"

नणंदेने मान खाली घातली.

"बाकीच्या खुणा खोडल्या होत्या त्याने. ही नजरेतून सुटली बघ. अगं, दादाचं सगळं शोधून झालं होतं. आजार कळला तेव्हा कागद घेऊन स्वतःच घरोघर फिरला, प्रत्येकाकडे थोडेथोडे ठेवून आला. म्हणाला, ती आपणहून कुणाच्या दारात जायची नाही गं. माझ्या पाळकांसाठी तरी जाईल."