पांढरी कड

“आमच्याकडे आलेल्या बकेटला पांढरा पट्टा कोणी मारला?”

झालं! हिरामणच्या हातातला ब्रश तिथेच थांबला. विचारणारा माणूस, वामन, थेट चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीतून आला होता. पावणे गावातल्या या वर्कशॉपमध्ये खाणीतल्या यंत्रांच्या बकेटी बनत. यंत्र कोळशाच्या ढिगाऱ्यात बकेट खुपसायचं, उचलायचं आणि बाजूच्या डब्यात ओतायचं. पूर्वी हेच काम माणसं टोपल्यांनी करायची.

ड्रॉइंगमध्ये बकेट सगळी करडी होती. पट्टा ही हिरामणची आगाऊ अक्कल. ती बकेट तशीच ट्रकमधून निघून गेली, तेव्हा मालक नंदकिशोरशेठ असले भडकले होते! “माल परत आला ना, तर तूही घरी बस!” घरी बसून खायचं काय? भाताची जमीन कारखान्यांखाली गेली होती, मिठागर बंद पडलं होतं. बायको सखू आणि तीन लेकरं या एका पगारावर जेवत होती.

शेठ घाईघाईने पुढे झाले. “चुकून लागला असेल हो. टेन्शन नका घेऊ, माणूस पाठवून खरवडून देतो.”

गप्प राहिला असता तर निभावलं असतं. पण हिरामणला ते काही जमेना.

“चुकून नाय, शेठ. मीच मारलाय. आमचे मिठागरान उन्हानं डोलं दिपायचं, फावरा दिसायचा नाय, पाय कापायचा. म्हनून बाबा त्याचे कडेला डांबर फासायचा. पांढऱ्यान काली कड. मना वाटलं, कोलशान पांढरी पायजे.”

शेठनी कपाळावर हात मारला. वामन मात्र हिरामणच्या अगदी जवळ आला.

“खाली खाणीत धूळ उठली होती, भाऊ. मी ढिगाऱ्यापाशी वाकून दगड काढून राहिलो होतो. ड्रायव्हरले मी दिसलोच नाही. बोगद्यात आवाज चारी बाजूंनी येते, यंत्र कुठून येऊन राहिलं ते समजत नाही. फक्त एक पांढरी रेघ छातीकडे येताना दिसली. उडी मारली म्हणून वाचलो.”

हिरामणने हातातला ब्रश रंगाच्या डब्यावर ठेवला. अरे देवा, चार बोटांची ती रेघ!

वामन शेठकडे वळला. “पुढच्या सगळ्या बकेटींना असाच पट्टा पाहिजे, साहेब. ऑफिसचं पत्र आणलं आहे.” मग त्याने खिशातून पितळेचा एक गोल बिल्ला काढला आणि हिरामणच्या रंगाने माखलेल्या तळहातावर ठेवला. त्यावर २१४ आकडा कोरला होता.

“ये काय?”

“खाली उतरताना हा वरच्या खिळ्याले टांगतो, वर आलो की काढून घेतो. संध्याकाळी खिळ्यावरच राहिला, म्हणजे माणूस खालीच राहिला.” वामनने बिल्ल्यावर बोट ठेवलं. “सोमवारी मले हा लागतेच, भाऊ, तुले देता येत नाही. पण बायको म्हणे, ज्यानं हा घरी परत आणला, त्याच्या हातावर एकदा तरी ठेवून या.”