मागच्या खोलीतला पारा

हिवाळ्यात रेडिओवर हवामानाचा अंदाज दोनदा वाचत. ट्रकवाल्याची बायको तो पहिल्यांदा चहा ढवळत ऐकायची, दुसऱ्यांदा नीट कान देऊन. नवरा घाटात होता ना.

"घाटात धुकं विरळ," रोजचा निवेदक म्हणाला. तिचा जीव भांड्यात पडला.

"मागच्या खोलीत पारा उतरतोय. तिथे दोन मुली झोपल्या आहेत, त्यांना उठवू नये."

"मेल्याची झोप उडाली नाही वाटतं अजून," ती पुटपुटली, आणि मग चमचा टाकून, तिच्या दोघी मुली झोपल्या होत्या त्या मागच्या खोलीकडे धावली. कडी बर्फासारखी गार लागली. दार काही हलेना.

स्वयंपाकघरातून तोच शांत आवाज आला. "अंदाज पुन्हा एकदा. घाटात धुकं विरळ. मागच्या खोलीत पारा उतरतोय. तिथे एक मुलगी झोपली आहे, तिला उठवू नये."